थंड इंजिनाचा भुर्दंड

आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल आज चाकावर चालते. कुणाचा मुलगा ऑटो चालवतो, कुणाचा भाऊ ट्रकवर आहे, कुणी कर्ज काढून सेकंड हॅण्ड पिकअप घेतली आहे आणि अकोल्याच्या डाळ मिलची पोती अमरावतीच्या दुकानांत पोचवून संसार चालवत आहे. अशा घरात गाडी म्हणजे एक कमावते माणूसच असते. ती आजारी पडली की सगळे घर आजारी पडते.

गाडी तापली, रेडिएटरमधून वाफ निघाली, की ते दुखणे सर्वांना कळते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पण इंजिन गरजेपेक्षा थंड चालणे हेही एक दुखणेच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात वाफ निघत नाही, आवाज होत नाही, गाडी बंदही पडत नाही. फक्त डिझेल जात राहते. आमच्या घरी २०२२ साली हे दुखणे सात महिने मुक्कामाला होते. त्यात पैसा तर गेलाच, पण घरातल्या एका तरुण मुलाच्या नावाला कायमचा डाग लागायची वेळ आली होती. इतर घरांवर तशी वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची पिकअप २०१३ सालची. आम्ही ती २०२१ मध्ये जुनी म्हणून घेतली. माझे पती ती चालवत. अकोल्याहून तूरडाळ घेऊन अमरावतीला जायचे आणि येताना मिळेल तो माल आणायचा, हिवाळ्यात बहुधा संत्री. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर धरा. महिन्याचे पंचवीस दिवस गाडी रस्त्यावर असे.

गाडीचा हिशेब पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. दोनशे पानी वही, त्यात तारीख, किलोमीटर, डिझेलचे लिटर, पैसे आणि काही काम केले असेल तर ते काम, असे पाच रकाने. अॅव्हरेज काढायची रीत सोपी आहे. एकाच पंपावर टाकी फुल करायची आणि किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा टाकी फुल करायची. मधे गाडी जितके किलोमीटर चालली, त्याला या वेळी भरलेल्या लिटरांनी भागायचे. ४३२ किलोमीटर चालली आणि ३२ लिटर बसले, तर अॅव्हरेज साडेतेरा. काट्यावर बघून अंदाजाने सांगितलेल्या अॅव्हरेजला काही अर्थ नसतो. पाचशे रुपयांचे, हजार रुपयांचे असे डिझेल भरणाऱ्यांना तर गाडी किती खाते हे कधीच कळत नाही.

एप्रिल २०२२ पर्यंत आमची गाडी माल भरून साडेतेराचा अॅव्हरेज देत होती. त्यानंतर वहीतले आकडे उतरू लागले. जूनमध्ये १२.८, ऑगस्टमध्ये १२.४, नोव्हेंबरमध्ये ११.८ आणि डिसेंबरमध्ये साडेअकरा.

सुरुवातीला कुणी मनावर घेतले नाही. अमरावती-अकोला रस्त्याची तेव्हा काय दशा होती, हे त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको. खड्ड्यांतून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी ओढायची म्हटल्यावर डिझेल जास्त लागणारच. पुढे ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. आमच्या घरी आनंद झाला तो वेगळ्या कारणाने. रस्ता गुळगुळीत झाला, आता अॅव्हरेज वर येईल, असे वाटले. पण रस्ता सुधारला आणि आकडा उतरतच गेला.

मग शंका माणसावर गेली.

माझ्या पतींना कंबरेचा त्रास सुरू झाल्यामुळे मे महिन्याच्या शेवटी बडनेऱ्याचा भाचा गाडीवर आला होता. माझ्या ननंदेचा एकुलता एक मुलगा, वय तेवीस. वडील नाहीत. पोरगा मेहनती, पहाटे चारला उठून गाडी पुसणारा. तो गाडीवर आला आणि डिझेल जास्त लागू लागले, एवढेच लोकांना दिसले. पहिल्यांदा शेजारच्या एका ट्रकवाल्याने सुचवले, “पोट्टं ढाब्यावर डिझेल इकत असन, पाह्यत जा.” मग माझे पती टाकीचे झाकण तपासू लागले. एक दिवस त्यांनी टाकीला कुलूप आणले. भाच्याच्या हातात किल्ली देताना ते काही बोलले नाहीत, पण न बोलण्यातूनही माणसाला कळतेच.

त्या संध्याकाळी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मामी, मले गाडीवरून काढून टाका, पण चोर म्हनू नोका.”

चोरीचा आळ गरिबाच्या पोरावर सगळ्यात आधी येतो, आणि एकदा आला की पुरावा नसला तरी पुसला जात नाही. उद्या दुसरीकडे काम मागायला गेला तर लोक विचारतील, मामाने का काढले? माझ्या ननंदेने आमच्याकडे फोन करणे बंद केले होते. घर तुटायला असेच एखादे कारण पुरते. मी पतींना एवढेच म्हटले की कुलूप लावून महिना झाला, आकडा तर अजून उतरतोच आहे. कुलपातून डिझेल कोण काढतो? त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. मी वही घेऊन बडनेऱ्याला गेले.

ननंदेच्या शेजारी एक काका राहतात. एसटीच्या आगारात फिटर म्हणून त्यांची हयात गेली. एसटीत प्रत्येक गाडीचा दहा लिटरमागे किती किलोमीटर हा हिशेब ठेवतात. त्याला केपीटीएल म्हणतात. काकांना त्यामुळे आकड्यांवरून गाडीचे दुखणे ओळखायची सवय. त्यांनी चष्मा लावला, वहीची पाने मागे-पुढे केली आणि म्हणाले, “चोरीले काही मोसम नसते, बाई. हे पाहा. उन्हाळ्यात कमी घट, पावसाळ्यात जरा जास्त, थंडीत सगळ्यात जास्त. पोट्टं काय थर्मामीटर पाहून डिझेल इकते काय?”

हे ऐकल्यावर आकड्यांतली ती चढण मला पहिल्यांदा दिसली. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि डिसेंबरच्या पहाटे दहा-बारापर्यंत उतरतो. जसजशी हवा गार झाली तसतसे डिझेल वाढत गेले होते.

काकांनी दुसरा प्रश्न विचारला, की उतार सुरू झाला त्या महिन्यात गाडीचे काय काम केले? मी वाचून दाखवले: ‘१९ मे. कुरणखेडजवळ गाडी तापली. मिस्त्रीने पाण्याचा रस्ता मोकळा केला. ६५० रुपये.’ त्याच्याच खाली चार ओळींवर होते: ‘२३ मे. भाचा गाडीवर आला.’

दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या होत्या. लोकांनी त्यातली एकच पाहिली.

पाण्याचा रस्ता मोकळा करणे म्हणजे काय, ते काकांनी समजावून सांगितले. इंजिनाभोवती पाणी खेळते. ते इंजिनाची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाते, तिथे हवेने निवते आणि परत येते. या वाटेवर एक छोटे झाकण बसवलेले असते. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. मिस्त्री लोक ‘थर्मोस्टेट वॉल’ म्हणतात. त्यात मेणाची एक लहानशी डबी असते. इंजिन थंड असते तेव्हा झाकण मिटलेले असते, म्हणून पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरून लवकर तापते. बहुतेक गाड्यांत पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोचले की मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि झाकण उघडते. पाणी निवले की स्प्रिंग ते पुन्हा मिटवते. ना वीज लागते, ना तार. दिवसभर हे झाकण थोडे उघडत, थोडे मिटत इंजिनाचा ताप एका पातळीवर धरून ठेवते.

आपल्या भागात गाडी तापली की काही मिस्त्री हे झाकणच काढून फेकतात. “गरम मुलखात याची काय गरज?” असे म्हणतात. झाकण गेले की पाणी चोवीस तास रेडिएटरमधून धावत राहते आणि गाडी तापायची थांबते. मालक खूश होतो. काटा खाली राहिला की त्याला वाटते, गाडी किती थंड चालते!

पण चुलीवर पाणी तापत ठेवायचे आणि एका बाजूने त्यात थंड पाणी ओतत राहायचे, म्हणजे काय होईल ते आपल्या बायाबापड्यांना सांगायला नको. लाकूड जळत राहील आणि पाणी कोमटच राहील. इंजिनाचे तेच होते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. भोवतालच्या भिंती थंड असल्या की फवारा पेट घ्यायला उशीर करतो, नीट जळत नाही, आणि काही डिझेल भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल थंड म्हणजे घट्ट. घट्ट ऑइलमधून इंजिनाला स्वतःचेच अंग फिरवायला जास्त जोर लागतो. शिवाय कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांत पाण्याचा ताप मोजणारा एक सेन्सर असतो. इंजिन अजून गरम झालेले नाही असे त्याने कळवले की कॉम्प्युटर सकाळच्या थंड सुरुवातीचाच हिशेब धरून इंधन सोडत राहतो. पेट्रोलच्या गाडीत तर हे फार जाणवते. या सगळ्यात डिझेल जातेच, पण सिलिंडरही लवकर झिजतो. म्हणजे आज डिझेलचा खर्च आणि उद्या इंजिनच्या कामाचा खर्च.

आपल्याला ताप आला तर दुखणे आणि अंग गार पडले तर तेही दुखणे. इंजिनाचेही असेच आहे.

तरीही काकांनी लगेच पाना हातात घेतला नाही. नुसत्या तर्कावर आधी पोराला चोर ठरवले, आता तर्कावरच मिस्त्रीला दोषी ठरवायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. रविवारी ते अकोल्याला आले आणि एकेक तपासणी केली. ती क्रमाने सांगते, कारण कुणालाही घरी करता येईल अशीच ती आहे.

पहिली तपासणी टायरची. चारही टायरांत हवा कमी होती. ब्रेक चिकटतो का हे पाहण्यासाठी गाडी थोडी चालवून चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेला. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक धरून ठेवतो असे समजावे. आमचे ठीक होते. एअर फिल्टर झटकला, डिझेलच्या पाइपांना कुठे ओल आहे का पाहिले. मग टायरांत गाडीवर लिहिल्याप्रमाणे हवा भरली आणि काका म्हणाले, आता दोन टाक्या जाळा आणि वही पाहा. आकडा ११.५ वरून १२ वर आला. म्हणजे अर्धा किलोमीटर हवेने खाल्ला होता. उरलेला दीड कुठे गेला, ते शोधायचे बाकी होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाही तर कशाने गुण आला ते कळत नाही, हा काकांचा नियम होता.

दुसरी तपासणी काट्याची. काटा खाली आहे याचा अर्थ इंजिन थंड आहे असाच नव्हे. काटा खोटा असू शकतो, सेन्सरची तार सैल असू शकते, किंवा पाणीच इतके कमी असते की सेन्सर कोरडा राहतो. हा शेवटचा प्रकार भयंकर, कारण काटा थंड दाखवतो आणि इंजिन जळत असते. म्हणून आधी पाण्याची पातळी पाहायची. ती बरोबर होती. मग काकांनी ओळखीच्या दुकानातून लांबून ताप मोजायचे यंत्र आणले. कोरोनाच्या दिवसांत कपाळावर धरत ते यंत्र इथे उपयोगाचे नाही, ते माणसाच्या तापापुरतेच मोजते. कारखान्यात वापरतात ते लागते. चाळीस किलोमीटर चालवून आल्यावर इंजिनातून पाणी बाहेर पडते त्या जागी ताप भरला ५८ अंश. तिथे ८० च्या वर हवा होता. काटा खरे बोलत होता.

तिसरी तपासणी वरच्या पाइपाची. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे सुरू केली आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपावर हात ठेवला. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर हा पाइप बराच वेळ थंडच राहतो आणि झाकण उघडले की एकदम गरम होतो. आमचा पाइप पहिल्या काही मिनिटांतच कोमट झाला आणि तसाच हळूहळू तापत राहिला. झाकण नसल्याची ही खूण. हात लावताना साडीचा पदर, ओढणी, शर्टाची बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा.

चौथी तपासणी पंख्याची. काही गाड्यांत पंखा गरजेप्रमाणे फिरतो. त्याची जोडणी अडकून बसली किंवा कुणी तार जोडून तो डायरेक्ट केला, तर तो सतत फिरतो आणि इंजिन थंड राहते. आमचा पंखा ठीक होता.

शेवटी काकांनी ऑइल भरायचे झाकण उघडून दाखवले. आतून साय धरल्यासारखा पांढुरका लेप होता. इंजिन पुरते तापत नसले की आतल्या दमटपणाचे पाणी उडून जात नाही आणि ऑइलमध्ये मिसळून असा लेप धरतो. गॅस्केट फुटून रेडिएटरचे पाणी ऑइलमध्ये आले तरी असे दिसते, म्हणून काकांनी ऑइलची पट्टी काढूनही पाहिली. तिथे पाणी नव्हते, आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत नव्हते.

एवढे झाल्यावर मगच थर्मोस्टॅटच्या जागेचे बोल्ट उघडले. आत रिकामे होते.

भाचा बाजूला उभा होता. माझे पती खाली वाकून त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले.

नवा थर्मोस्टॅट साडेपाचशे रुपयांना मिळाला. बाजारात नकली मालही असतो, म्हणून काका म्हणाले की आधी परीक्षा घेऊ. हे काम माझ्या अकरावीतल्या मुलीने केले. एका जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या पातेल्यात पाणी घेतले. थर्मोस्टॅटच्या मिटलेल्या झाकणात एक दोरा अडकवून तो पाण्यात असा टांगला, की बुडाला टेकणार नाही. शेजारी प्रयोगशाळेतले काचेचे थर्मामीटर धरले. ७०, ७५, ८० झाले तरी हलला नाही. त्यावर ८२ आकडा कोरलेला होता. ८३ ला दोऱ्याची पकड सुटली आणि थर्मोस्टॅट टुपकन बुडाशी गेला. उकळत्या पाण्यात झाकण पूर्ण उघडले आणि पाणी निवल्यावर पुन्हा मिटले. मुलीने वहीत लिहून ठेवले: ‘पास’.

पण एक मोठा प्रश्न राहिलाच होता. मे महिन्यात गाडी तापली होती, ही काही खोटी गोष्ट नव्हती. झाकण परत बसवले आणि उन्हाळ्यात पुन्हा तापली तर? माझ्या पतींची भीती रास्त होती. मिस्त्रीने तापण्याचे कारण शोधले नव्हते. तापणे दिसेनासे केले होते.

कारण निघाले पाण्याचे. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाण पट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर या बाजूंच्या कितीतरी गावांत विहिरीचे, बोअरचे पाणी खारट. ते माणसाला पिववत नाही, पिकाला चालत नाही, आणि आपण मात्र ते बिनधास्त रेडिएटरमध्ये ओततो. आधीच्या मालकाने आणि वाटेत मिळेल तिथे आम्ही सर्वांनीच ते ओतले होते. खाऱ्या पाण्याने आतून गंज चढतो आणि जड पाण्याने नळ्यांत क्षार धरतो, जसा पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो तसा. रेडिएटर उतरवून उघडला तेव्हा निम्म्या नळ्या बुजलेल्या होत्या. बिचारे इंजिन उन्हाळ्यात तापणार नाही तर काय करणार?

रेडिएटर साफ करून घेतला, त्याचे झाकण बदलले, आणि साध्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेल्या जातीचे कूलंट शुद्ध पाण्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळून भरले. कूलंट थंड मुलखातल्या लोकांसाठी असते असा समज आहे. तो खरा नाही. कूलंटने गंज रोखला जातो आणि पाणी उकळायचा बिंदूही वर जातो. सगळे मिळून ४,२०० रुपये खर्च आला.

आता भुर्दंडाचा हिशेब पाहा. महिन्याला ५,००० किलोमीटर. साडेतेराच्या अॅव्हरेजने ३७० लिटर लागतात, साडेअकराच्या अॅव्हरेजने ४३४. फरक ६४ लिटर. डिझेल तेव्हा लिटरला नव्वदच्या वर होते. म्हणजे डिसेंबरसारख्या एका महिन्यात पावणेसहा हजार रुपये धुरातून गेले. दुरुस्तीचा सगळा खर्च महिनाभरातच वसूल झाला.

जानेवारी २०२३ मध्ये वहीत आकडा आला १३.२. गाडीवर तोच भाचा होता, रस्ता तोच, माल तोच, पंपही तोच. टायरच्या हवेनंतर बदलले होते ते फक्त थंडपण. मे २०२३ च्या उन्हात माझे पती स्वतः त्याच्याबरोबर गेले आणि कुरणखेडपासून काट्यावर नजर ठेवून बसले. काटा मध्यावर होता तो अमरावतीपर्यंत हलला नाही.

जानेवारीचा आकडा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बडनेऱ्याला बहिणीकडे गेले होते. वही बरोबर नेली होती. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. परत आले तेव्हा टाकीचे कुलूप त्यांनी काढून ठेवले, आणि त्या रात्री ननंदेचा फोन आला. भाचा आजही गाडीवर आहे.

वाचक बंधू-भगिनींना काही गोष्टी आग्रहाने सांगते.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत पाणी प्रेशर कुकरसारखे दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उसळते आणि तोंड-हात भाजून निघतात. इंजिन पूर्ण निवल्यावर, झाकणावर जाड फडके टाकून, सावकाश उघडा.

कूलंट विषारी असते आणि चवीला गोडसर लागते. त्याचा डबा लहान मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या, शेळ्यांच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका. थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. सांडले तर लगेच धुवून टाका.

थंडीत काही ड्रायव्हर रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात. इंजिन त्याने तापते खरे, पण पुठ्ठा आहे हे विसरून भर दुपारी घाट चढलात तर गाडी जाईल. तो उपाय नव्हे. पुठ्ठा लावावा लागतो यावरूनच थर्मोस्टॅट बिघडला किंवा नाही हे ओळखावे. आणि थर्मोस्टॅट काढला की गाडी कधी तापणारच नाही, हेही खरे नाही. काही इंजिनांत तो नसला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत इंजिनात जातो आणि चढावर गाडी उलट जास्त तापते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर जास्तच सांभाळावे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन पुरेसे गरम व्हावे लागते. इंजिन थंड राहिले तर फिल्टर तुंबतो, आणि त्याचा खर्च मोठा असतो. अशा गाडीला स्कॅनर लावल्यावर पी ०१२८ असा कोड आला, तर इंजिन हवे तितके तापत नाही असे समजावे आणि थर्मोस्टॅटपासून तपासणी सुरू करावी.

मिस्त्रीकडे गाडी दिली की काढलेला भाग परत मागून घ्या आणि काय काढले, काय बसवले ते त्याच्यासमोर लिहून घ्या. ‘मोकळे केले’, ‘डायरेक्ट केले’, ‘सेटिंग केली’ अशा शब्दांवर समाधान मानू नका. काय मोकळे केले, ते विचारा. विचारण्याने कुणाचा अपमान होत नाही.

आणि घरात जी कुणी शिकलेली असेल, सून, मुलगी, आठवीतला मुलगा, त्यांच्या हाती गाडीची वही द्या. तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे आणि काम, एवढे पाच रकाने पुरेत. दर महिन्याला अॅव्हरेज काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आकडा उतरला तर आधी टायरची हवा, मग ब्रेक, मग एअर फिल्टर, मग पाण्याची पातळी आणि तापाचा काटा, या क्रमाने पाहा. एवढे सगळे पाहून झाल्याशिवाय घरातल्या कुठल्याही पोराला डिझेलबद्दल विचारू नका.